रावेन्ना एका दिवसात होईल का? समुद्राने सोडलेल्या गावाबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑक्टोबरमध्ये चौघं जण इटलीला निघालेत. नवरा-बायको, ७१ वर्षांच्या सासूबाई आणि १४ वर्षांची मुलगी. व्हेनिस आणि फ्लोरेन्सच्या मध्ये बोलोन्यात मुक्काम आहे आणि एक दिवस मोकळा आहे. त्या दिवसात रावेन्नाची आठही जागतिक वारसास्थळं होतील का, सासूबाईंना झेपेल का, आणि गाव समुद्राकाठी असल्यामुळे संध्याकाळी किनाऱ्यावर जाता येईल का?

मी २२ वर्षं मराठी मंडळींना इटलीत फिरवते आहे. रावेन्नाला किती वेळा गेले याची मोजदाद ठेवलेली नाही. उत्तर लांबणार आहे, म्हणून निवाडा आधी सांगते. आठ स्थळं एका दिवसात होतात, पण तसं करू नका. जमलं तर बोलोन्यातली एक रात्र कमी करून ती रावेन्नात काढा. नाहीच जमलं तर चारच जागा बघा आणि उरलेल्या चार निश्चिंत मनाने सोडून द्या.

आता समुद्राचं. नकाशात रावेन्ना एड्रियाटिकला चिकटलेलं दिसतं, पण गावातून समुद्र दिसत नाही. तो आठ-नऊ किलोमीटर लांब आहे. एके काळी मात्र तो इथे दाराशी होता, आणि रावेन्ना समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. रोमन काळात हे गाव खाजण आणि दलदलीतल्या बेटांवर वसलेलं होतं. सम्राट ऑगस्टसने गावाच्या दक्षिणेला आरमाराचं बंदर बांधलं. लॅटिनमध्ये आरमाराला ‘क्लासिस’ म्हणतात, म्हणून त्या जागेचं नाव आजही क्लासे आहे. पुढे इ.स. ४०२ मध्ये उत्तरेकडून टोळ्यांचे हल्ले वाढले, तेव्हा सम्राट होनोरियसने पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी मिलानहून इथे हलवली. कारण साधं होतं. जमिनीच्या बाजूने चिखल, त्यामुळे घोडदळ येऊ शकत नाही. समुद्राच्या बाजूने जहाजं, त्यामुळे रसद तुटत नाही.

नंतर नद्यांनी गाळ आणला, बंदर भरलं, समुद्र मागे सरकला. ७५१ मध्ये लोम्बार्ड लोकांनी गाव घेतलं, बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची सत्ता संपली आणि रावेन्ना बाजूला पडलं. मोठी राजधानी राहिली असती तर प्रत्येक नव्या सत्तेने जुनं पाडून नवं बांधलं असतं. पाचव्या-सहाव्या शतकातलं मोझाइकचं काम, म्हणजे काचेचे-दगडाचे रंगीत तुकडे जोडून केलेली चित्रं, इथे इतकं शाबूत राहिलं त्याचं एक मोठं कारण हे बाजूला पडणं आहे, असं माझं मत आहे. रोम आणि कॉन्स्टँटिनोपलमध्येही त्या काळातलं असं एकगठ्ठा काम उरलेलं नाही.

पाण्याची आणखी एक खूण तुम्हाला आत गेल्या गेल्या दिसेल. इथली जमीन शतकानुशतकं खचते आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूजल आणि जमिनीखालचा वायू उपसल्यामुळे तिचा वेग वाढला होता. गाल्ला प्लाचिदियाच्या समाधीत जमीन जवळजवळ दीड मीटर वर उचललेली आहे, तर निओनियन बाप्तिस्माघराची मूळ फरशी आजच्या फरशीच्या सुमारे तीन मीटर खाली आहे. त्यामुळे मूळ बांधणाऱ्यांनी ठरवली होती त्याहून छतं आपल्याला जवळ भासतात. सान फ्रांचेस्को चर्चच्या वेदीखालचं तळघर तर कायम पाण्यात असतं. एक नाणं टाकलं की दिवा लागतो, पाण्याखालची जुनी मोझाइक फरशी दिसते, आणि तिच्यावरून सोनेरी मासे फिरत असतात. मुलीला तिथे नक्की न्या.

कुठल्या चार जागा, ते सांगते. सान व्हिताले चर्च, त्याच्याच आवारातली गाल्ला प्लाचिदियाची समाधी, सांत आपोलिनारे नुओव्हो चर्च, आणि गावाबाहेरचं सांत आपोलिनारे इन क्लासे चर्च. पहिल्या तिन्हींचं तिकीट एकत्र मिळतं; त्यात निओनियन बाप्तिस्माघर आणि आर्चबिशपचं संग्रहालय व प्रार्थनाघरही येतं. हे तिकीट धर्मप्रांताकडून मिळतं. एरियन बाप्तिस्माघर, थिओडोरिकची समाधी आणि क्लासे सरकारी ताब्यात आहेत, त्यांची तिकिटं वेगळी. गाल्ला प्लाचिदिया आणि निओनियन बाप्तिस्माघर यांना ठरावीक वेळ आरक्षित करावी लागते, कारण आत थोडीच माणसं सोडतात आणि थांबायला जेमतेम पाच मिनिटं देतात. वेळा आणि अटी हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी अधिकृत संकेतस्थळावर पाहून आरक्षण करा.

त्या पाच मिनिटांबद्दल सविस्तर सांगते, कारण बहुतेकांची इथेच निराशा होते. बाहेरून ही समाधी म्हणजे साधी विटांची बुटकी इमारत. उन्हातून आत शिरलात की पहिला दीड मिनिट काळोखाखेरीज काही दिसत नाही. खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर या उजेड झिरपू देणाऱ्या दगडाच्या पातळ पाट्या आहेत, त्यातून मधाच्या रंगाचा उजेड झिरपतो. डोळे सरावतात तेव्हा डोक्यावर गडद निळं आकाश आणि सोनेरी चांदण्या उमटायला लागतात, आणि तोवर बाहेर काढायची वेळ होते. उपाय सोपा आहे. आत जायच्या आधी पाच-दहा मिनिटं सावलीत थांबा, गॉगल काढून ठेवा, फोनच्या पडद्याकडे बघू नका. आत गेल्यावर फोटो काढायच्या भानगडीत पडू नका. दाराच्या वर मेंढपाळाच्या रूपातला तरुण ख्रिस्त आहे, तो आत शिरताना पाठीमागे राहतो, म्हणून वळून बघायला विसरू नका. समोरच्या भिंतीवर संत लॉरेन्स आणि ज्या लोखंडी जाळीवर त्याला भाजलं ती जाळी, आणि बाजूला एक उघडं कपाट, त्यात चार पुस्तकं: बायबलमधली ख्रिस्ताच्या जीवनाची चार शुभवर्तमानं. गाल्ला प्लाचिदिया ही होनोरियसची सावत्र बहीण. ती ४५० मध्ये रोमला वारली आणि इथे बहुधा तिला पुरलेलंच नाही. नाव मात्र तिचंच राहिलं.

सान व्हितालेला सकाळी जा. मुख्य मोझाइकं पूर्वेकडच्या भागात आहेत आणि सकाळचा उजेड तिथे फार सुंदर खेळतो. ही अष्टकोनी वास्तू ज्युलियानस नावाच्या सावकाराच्या पैशाने उभी राहिली. जुनी नोंद सांगते की २६,००० सोन्याची नाणी लागली. बांधकाम गॉथ या जर्मनिक टोळीच्या राजांच्या काळात सुरू झालं आणि ५४७ च्या सुमारास बिशप माक्सिमियानच्या हस्ते अर्पण झालं, तोपर्यंत गाव बायझंटाइन सम्राट जस्टिनियनच्या हातात गेलेलं होतं. सत्ता बदलली, काम चालू राहिलं.

वेदीच्या एका बाजूला जस्टिनियन, समोर सम्राज्ञी थिओडोरा. दोघंही रावेन्नात कधी आले नव्हते. हे लक्षात ठेवून त्या भिंतींकडे बघा. राजा स्वतः येऊ शकत नाही, म्हणून त्याची प्रतिमा रोज पूजेला हजर आहे. जस्टिनियनच्या शेजारी टक्कल पडलेला, दमलेल्या डोळ्यांचा बिशप आहे आणि डोक्यावर नाव फक्त त्याचंच लिहिलेलं आहे. पायांकडे बघा: बिशपचे पाय पुढे दिसतात. हातांकडे बघा: सम्राटाच्या हातातलं ताट पुढे आहे. दरबारात कोण पुढे उभं राहील हा वाद कसा मिटवला असेल ते तिथे सहाव्या शतकापासून लिहून ठेवलेलं आहे. थिओडोराच्या वस्त्राच्या काठावर बाळ येशूसाठी भेटी घेऊन निघालेले तीन ज्ञानी पुरुष विणलेले आहेत, ते दुर्बिणीतून स्पष्ट दिसतात.

दुर्बीण न्याच. छोटी, पक्षी बघायची असते तशी. माझ्या यादीत पासपोर्टनंतर तीच येते. मोझाइक हे जवळून आणि लांबून असं दोन्ही प्रकारे बघायचं काम आहे आणि जवळ जायला मिळत नाही. सोनेरी तुकडा म्हणजे काचेच्या दोन थरांमध्ये दाबलेला सोन्याचा वर्ख. कारागिरांनी हे तुकडे सपाट बसवले नाहीत, मुद्दाम थोडे थोडे तिरके ठेवले, प्रत्येकाचा कोन वेगळा. म्हणून एका जागी उभं राहून मोझाइक बघणं अर्धं बघणं आहे. चार पावलं डावीकडे जा, चार उजवीकडे या, खाली वाकून बघा. दर वेळी वेगळे तुकडे पेटतात. दिव्यांच्या हलत्या ज्योतीत हे काय दिसत असेल याची कल्पना तेव्हा येते. मुलीला वेदीपुढच्या फरशीतला चक्रव्यूहही शोधू द्या. त्यातले बाण मध्यातून बाहेरची वाट दाखवतात.

सांत आपोलिनारे नुओव्हो स्टेशनपासून पायी थोड्याच अंतरावर आहे. हे गॉथ राजा थिओडोरिकचं, त्याच्या वाड्याला लागून बांधलेलं. ४९३ मध्ये त्याने रावेन्ना घेतलं आणि तहाच्या मेजवानीत प्रतिस्पर्धी ओडोएकरला स्वतःच्या हाताने मारलं. त्यानंतर ५२६ पर्यंत राज्य केलं. तो एरियन पंथाचा ख्रिस्ती होता. ख्रिस्त हा पित्याच्या बरोबरीचा नाही असं मानणारा. बायझंटाइन आल्यावर हा पंथ पाखंड ठरला आणि भिंतींवरून थिओडोरिकच्या माणसांना पुसायचं ठरलं. उजव्या भिंतीवर, दाराच्या बाजूला, त्याच्या राजवाड्याचं चित्र आहे. कमानींमध्ये आता पडदे आहेत. पण खांबांकडे नीट बघा. पांढऱ्या खांबांवर कुठे एक हात, कुठे बोटं राहून गेली आहेत, धड नाही. माणसं काढून टाकली आणि तिथे पडदे भरले, पण खांबांवर आलेले हात तसेच राहिले. मी हे दाखवते तेव्हा गटातली बडबड दर वेळी थांबते. त्याच्या समोरच्या भिंतीवर क्लासे बंदराचं चित्र आहे. दोन बुरूज, मध्ये निळं पाणी, जहाजं. ते मनात साठवून ठेवा, दुपारी उपयोगी पडेल.

दुपारी क्लासेला जा. आगगाडीने एकच स्टेशन, काही मिनिटांचा प्रवास, पुढे थोडं चालणं. बसही जाते. उतरलात की मोकळी शेतं दिसतील आणि मध्येच एक गोल मनोरा असलेलं विटांचं उंच चर्च. सकाळी चित्रात जहाजं पाहिलीत ते बंदर हेच. पाण्याचा थेंब नाही. आत गेल्यावर बाकीची रावेन्नातली स्मारकं आणि हे यात एक फरक जाणवतो: इथे सोन्यापेक्षा हिरवं जास्त आहे. अर्धघुमटात हिरवं कुरण, झाडं, पक्षी, मेंढ्या, मध्ये संत अपोलिनारे हात उंचावून उभा. वर निळ्या वर्तुळात ९९ तारे आणि रत्नजडित क्रूस, ज्याच्या केंद्रात ख्रिस्ताचा नखाएवढा चेहरा आहे. दुर्बीण इथेही काढा.

पूर्वी मीही लोकांना चार तासांत आठ जागा दाखवत होते. कार्यक्रमपत्रिकेत ‘आठ वारसास्थळं’ लिहिलं की बरं दिसतं. एका वर्षी गटातल्या एक आजी क्लासेच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही या जाऊन, मला इथेच राहू दे. सकाळपासून काय काय पाहिलं ते मला आठवेना झालंय.” बाकीच्यांना थिओडोरिकच्या समाधीला पोचवून मी परत आले तोवर त्या तासभर त्या कुरणाकडे बघत होत्या. नंतर बसमध्ये त्यांनी त्या एका भिंतीचं जे वर्णन केलं तेवढं बाकी कोणाला आठ जागांचंही करता आलं नाही. त्यानंतर मी कार्यक्रम बदलला. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवा. गाव सपाट आहे, मधला भाग बराचसा पादचाऱ्यांसाठी राखीव आहे, चढ नाहीत. त्यांना चालण्याचा त्रास फारसा होणार नाही. दमवतं ते मान वर करून सतत बघणं. प्रत्येक ठिकाणी आधी बाक शोधा.

उरलेल्या चारांपैकी वेळ मिळाला तर दोन्ही बाप्तिस्माघरं पाठोपाठ बघा, कारण एकाच प्रसंगाची दोन पंथांनी काढलेली चित्रं जोडीने बघण्याची संधी दुसरीकडे मिळणं कठीण. निओनियनमध्ये ख्रिस्त दाढीवाला आहे, पण त्याचा चेहरा एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीत बदललेला आहे. एरियनमध्ये तो बिनदाढीचा पोरगेला आहे, आणि शेजारी यार्देन नदी म्हाताऱ्याच्या रूपात बसलेली, डोक्यावर खेकड्याच्या नांग्या. थिओडोरिकची समाधी स्टेशनच्या पलीकडे एकटी आहे. तिचं छप्पर म्हणजे एड्रियाटिकपलीकडच्या इस्त्रियाहून समुद्रमार्गे आणलेला एकच दगड, व्यास दहा मीटरहून जास्त, वजनाचे अंदाज २३० ते ३०० टन. मोझाइक एकही नाही. तुमच्या मुलीला यंत्रं, बांधकाम यांची आवड असेल तर न्या.

रात्र रावेन्नात काढलीत तर संध्याकाळी इटलीचा महाकवी दान्ते याच्या समाधीपाशी जा. फ्लोरेन्सने त्याला १३०२ मध्ये हद्दपार केलं, शेवटची वर्षं रावेन्नाने आसरा दिला आणि इथेच तो १३२१ च्या सप्टेंबरमध्ये हिवतापाने गेला. पुढे फ्लोरेन्सने अस्थी मागितल्या. १५१९ मध्ये पोपची परवानगीही आली, तेव्हा इथल्या फ्रान्सिस्कन साधूंनी त्या भिंतीला भोक पाडून काढल्या आणि लपवल्या. त्या सापडल्या १८६५ मध्ये. फ्लोरेन्सच्या सांता क्रोचेत दान्तेचं भव्य स्मारक तुम्ही बघालच. ते रिकामं आहे. इथल्या छोट्या समाधीत दिवा तेवतो, त्याचं तेल दर वर्षी सप्टेंबरमध्ये फ्लोरेन्स पाठवतं. संध्याकाळी घंटेचे तेरा टोल पडतात. दिवसाचे प्रवासी तोवर बोलोन्याला परतलेले असतात आणि गल्लीत आवाज फक्त घंटेचा असतो.

जेवणाचं. इथली रोजची गोष्ट म्हणजे पियादिना: गव्हाची जाडसर, तव्यावर भाजलेली पोळी, आत मऊ स्क्वाक्वेरोने चीज आणि रुकोलाची पानं. शाकाहारी मंडळींना एक इशारा. पारंपरिक पियादिनाच्या कणकेत ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी असते. भरलेलं सारण शाकाहारी असलं तरी पोळी नसते. ऑलिव्ह तेलाची बऱ्याच ठिकाणी मिळते, “सेन्झा स्त्रुत्तो?” एवढं विचारायचं. काप्पेलेत्ती या भरलेल्या पास्त्यात रोमान्यात, म्हणजे या भागात, बहुधा चीजच भरतात, पण ते ‘इन ब्रोदो’ घेतले तर मांसाच्या रश्श्यात येतात.

किनारा: मरिना दी रावेन्नाला बस जाते. पण ऑक्टोबरात बहुतेक खासगी किनारे आवरलेले असतात, वाळू सपाट आणि लांबलचक, पलीकडे चालतं बंदर. एका दिवसाच्या सहलीत त्यासाठी वेळ काढू नका. गाडी भाड्याने घेणार असाल तर जुन्या गावातल्या प्रतिबंधित हद्दीत शिरू नका, कॅमेरे आहेत आणि दंड घरी येतो. आगगाडीच बरी. बोलोन्याहून थेट प्रादेशिक गाडी आहे, एक ते सव्वा तास. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारा.

आता शेवटची गोष्ट, जी मी प्रत्येक मराठी गटाला सांगते. लुगोवरून जाणाऱ्या गाडीने परत या आणि मुलीला खिडकी द्या. या भागातल्या नद्या उंच मातीच्या बांधांमधून वाहतात, आजूबाजूच्या शेतांपेक्षा वर. मे २०२३ च्या पुरात हेच बांध फुटले आणि लुगो, फाएन्झा पाण्याखाली गेलं. बान्याकाव्हाल्लो स्टेशन सुटलं की लुगो येण्याआधी गाडी एक अरुंद नदी ओलांडते. ती सेन्यो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजा या बांधांमध्ये खंदक खणून बसल्या होत्या. ९ एप्रिल १९४५ रोजी याच नदीवर, लुगोजवळच्या भागात, मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, चढ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून सुखरूप नेलं. मग परत जाऊन मशीनगनची तीन ठाणी मोडली, हाताला गोळी लागलेली असताना. शेवटी बांधाच्या माथ्यावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि मागे थांबलेल्या तुकड्यांना हात करून पलीकडे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गाव निमज, तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा.

पूल लहान आहे, काही सेकंदांत जातो. रावेन्नाहून येताना रुस्सी, मग बान्याकाव्हाल्लो, ही नावं मोजत राहिलात तर चुकणार नाही.